नारंगी बाटली आणि तीन बेरजा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या त्या आठवड्यातली गोष्ट. गुरुवारी संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घराची बेल वाजली. दारात माझ्या मित्राची मुलगी, खांद्याला वह्यांची पिशवी आणि हातातल्या मोबाईलवर एका बाटलीचा फोटो. ती बडोद्यातल्या एका शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. घरी मी तिला नावाने हाक मारतो, ती मला काका म्हणते. पण हे प्रकरण तिच्या शाळेतलं, म्हणून इथे तिला बाईच म्हणतो. मी स्वतः बत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. रसायनाशी माझी ओळख बी.एस्सी.पुरती.

"काका, ही बाटली पुढच्या शनिवारी पेटवायची की कपाटातून कायमची बाहेर काढायची, ते मला ठरवायचंय. आणि दाखवायला हातात एकही कागद नाही."

शाळेत गणित-विज्ञान प्रदर्शन होतं. नववीतल्या एका मुलाला ज्वालामुखी करायचा होता. खायचा सोडा आणि व्हिनेगरवाला नव्हे, तो तिसरीतली पोरंही करतात. याला हवा होता खरा : नारंगी स्फटिकांचा ढीग, वरून पेटवला की ठिणग्या उडवत आपला आपणच जळत जाणारा, आणि मागे मूळ ढिगाच्या कितीतरी पट फुगलेली हिरवी राख ठेवणारा. अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी. मुलाने तो व्हिडिओत पाहिला होता. मुख्याध्यापकांनी तर शिक्षक असताना स्वतः करून दाखवला होता, त्यामुळे ते खूश. "अरे वा, किती वर्षांनी कुणाला तरी आठवलं!" प्रयोगशाळेच्या कपाटात शोधल्यावर बाटलीही निघाली.

बाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. डायक्रोमेटमध्ये असतं ते सहा संयुजेचं क्रोमियम वाईट, एवढं एम.एस्सी.पासून डोक्यात होतं. पण वाईट म्हणजे किती, कोण म्हणतं, आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवता येईल असं काय आहे? तीन संध्याकाळी त्यांनी यातच घालवल्या होत्या. व्हिडिओ भरपूर सापडले, सगळ्यांत ज्वालामुखी सुंदर उडत होता. शिक्षकांच्या दोन व्हॉट्सॲप गटांवर विचारलं. एकावर अंगठे आले, दुसऱ्यावर "सावधगिरी बाळगून करावे". एका चॅटबॉटने तर छान, समतोल, दीड पानी उत्तर दिलं, खाली एका शोधलेखाच्या संदर्भासकट. त्या संदर्भाकडे नंतर येतो.

माझी यादी

मी काय केलं, ते आधी सांगून टाकतो. ग्रंथपालाचा हात सवयीने जातो तिथेच गेला. रात्री जागून रसायनशास्त्राच्या शिक्षकांना उपयोगी अशा ठिकाणांची यादी केली आणि सकाळी पाठवली. तेवीस नावं. अमेरिकन केमिकल सोसायटी, लंडनची रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री, मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं 'रेझोनन्स', एनसीईआरटी, मराठी विश्वकोश, एकलव्यची हिंदी पुस्तकं, पुण्याचं 'शैक्षणिक संदर्भ', पेट (PhET) या संकेतस्थळावरची सिम्युलेशन्स, अजून बरंच. एकही नाव चुकीचं नव्हतं.

शुक्रवारी रात्री फोन केला. बाईंनी एकही दुवा उघडला नव्हता. दिवसाला सहा तास, वर पेपर तपासणी, वर प्रदर्शनाची तयारी. "काका, तेवीस दारं दाखवलीत, पण माझी किल्ली कुठल्या दाराची ते सांगितलंच नाहीत," असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही, कारण ही चूक करू नये म्हणून मी स्वतः नव्या ग्रंथपालांची कानउघाडणी करत आलो आहे.

आणि तीही बडोद्यात! सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं, त्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या होत्या. पेटी भरणाऱ्याला गाव माहीत असावं लागतं. मी गावच न विचारता पेटी भरली होती.

प्रश्नाचे तुकडे

शनिवारी सकाळी बाई आल्या तेव्हा मी संगणक बंदच ठेवला. चहा आणि पाठकोरा कागद. "तुला काय विचारायचंय ते एका वाक्यात लिही."

त्यांनी लिहिलं : 'अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी शाळेत करावा का?'

हा प्रश्न कुठेही टाका, उत्तर म्हणून मतंच येणार. व्हॉट्सॲपवर तेच झालं होतं. अर्धा तास खल करून आम्ही त्याचे चार प्रश्न केले. बाटलीत नेमकं काय आहे? ते माणसाला काय करतं, आणि तसं कुणी ठरवलंय? वर्गात दाखवणाऱ्यांचा अनुभव काय? आणि हे नाही, तर मुलाला दुसरं काय देऊ? चारही प्रश्नांची घरं वेगवेगळी आहेत. पहिल्याचं उत्तर पदार्थांच्या माहितीसाठ्यात मिळतं, दुसऱ्याचं सुरक्षा पत्रकात आणि आरोग्यसंस्थांकडे, तिसऱ्याचं शिक्षकांच्या नियतकालिकांत. चौथ्याचं घर कुठलं, ते तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पाचवा प्रश्न बाईंनी जाता जाता लिहिला : 'बाटलीचं करू काय?' मला तो फालतू वाटला. सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला.

पहिली बेरीज

बाटलीत काय आहे? यात विचारायचं काय, असं मला वाटलं होतं. पण फोटो मोठा करून पाहिला. अर्धा किलोची काचेची बाटली, बूच पिवळट पडलेलं, लेबलावरून नारंगी ओघळ आलेला. नावाचा पहिला शब्द त्या ओघळात गेलेला, नुसतं 'डायक्रोमेट' उरलेलं. डेड स्टॉक रजिस्टरमध्येही कुणीतरी 'डायक्रोमेट, ५०० ग्रॅम' एवढंच लिहून ठेवलं होतं. आता शाळेच्या कपाटात डायक्रोमेट दोन असू शकतात. पोटॅशियमचं टायट्रेशनला लागतं, तेही नारंगीच. त्याचा ज्वालामुखी होत नाही. जवळपास ४०० अंश सेल्सिअसला ते नुसतं वितळतं. अमोनियमचं १८० अंशांच्या आसपास विघटित व्हायला लागतं आणि मग थांबत नाही.

लेबलाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक आकडा होता : कॅस क्रमांक. अमेरिकेतली केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस प्रत्येक पदार्थाला असा एक क्रमांक देते. नाव भाषेगणिक बदलतं, दुकानागणिक बदलतं. हा बदलत नाही. बाटलीवरचा पहिला अंक अर्धा पुसलेला. ७ असेल नाहीतर १. पुढचे स्पष्ट : ७८९-०९-५.

या क्रमांकात एक सोय असते. शेवटचा एकटा अंक म्हणजे आधीच्या सगळ्यांची पावती. तो सोडून उरलेले अंक उजवीकडून डावीकडे घ्यायचे आणि पहिल्याला १ने, दुसऱ्याला २ने, असं गुणत जायचं. बेरजेचा एकंस्थानचा अंक म्हणजे ती पावती. बाईंनी कागदावर मांडलं. आधी ७ धरून : ९ एके ९, ० दुणे ०, ९ त्रिक २७, ८ चोक ३२, ७ पंचे ३५, ७ सख ४२. बेरीज १४५. एकंस्थानी ५. लेबलावरही ५. मग १ धरून : शेवटचे ४२ जाऊन ६ आले, बेरीज १०९, एकंस्थानी ९. जुळलं नाही.

म्हणजे क्रमांक ७७८९-०९-५. कॅसच्या खुल्या 'कॉमन केमिस्ट्री' संग्रहात आणि अमेरिकन सरकारच्या पबकेममध्ये टाकून पाहिला. दोन्हीकडे एकच नाव : अमोनियम डायक्रोमेट. पोटॅशियमवाल्याचा क्रमांक ७७७८-५०-९, साफ वेगळा. या सगळ्याला चहाचा एक कप लागला.

बाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. "सहा वर्षं हे आकडे बघतेय. बेरीज करायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं."

पत्रक कसं वाचायचं

कॅस क्रमांक हाताशी आला की सुरक्षा पत्रक, ज्याला सगळे एसडीएस म्हणतात, मिनिटात मिळतं. आता बहुतेक देशांत त्याचा साचा एकच आहे, सोळा भाग, त्याच क्रमाने. शिक्षकाने सोळाही वाचायची गरज नाही. दुसरा भाग धोके सांगतो, आठवा हातमोजे-चष्मा-हवा, दहावा पदार्थ कशाने बिघडतो किंवा भडकतो, तेरावा विल्हेवाट. आम्ही दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांची पत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचली. एकावर विसंबू नये, कारण हे कागद शेवटी माल विकणारेच तयार करतात.

दुसऱ्या भागात दोघांचं एकमत होतं आणि ते वाचून बाई गप्प झाल्या. आग वाढवणारा, श्वासातून गेल्यास जीवघेणा, त्वचेला ॲलर्जी आणणारा, कर्करोगकारक, प्रजननाला घातक, पाण्यातल्या जिवांना दीर्घकाळ विषारी. ज्वालामुखी उडतो तेव्हा हिरवी राख तर उडतेच, पण न जळलेल्या नारंगी पदार्थाची धूळही तिच्याबरोबर वर जाते. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत, जमिनीवर मांडी घालून, पाचवीची मुलं बसतात.

तसं ठरवलं कुणी? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली सहा संयुजेच्या क्रोमियमची संयुगं पहिल्या गटात घातली, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेली. युरोपीय संघाने अमोनियम डायक्रोमेट परवानगीशिवाय न वापरण्याच्या यादीत टाकलं. २१ सप्टेंबर २०१७ ही त्याची शेवटची तारीख होती, संशोधनाला सवलत ठेवून. मुख्याध्यापकांसमोर ठेवायला हे दोन आधार पुरेसे होते.

पत्रकाच्या तेराव्या भागाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. कुठल्याही कंपनीचं पत्रक उघडा, तिथे 'स्थानिक नियमांनुसार विल्हेवाट लावावी' या अर्थाचं एक वाक्य असतं आणि पुढे शुकशुकाट. लिहिणाऱ्याने हात झटकले की शिक्षकाने कुणाकडे बघायचं?

चॅटबॉटचा संदर्भ

आता तो दीड पानी उत्तराखालचा शोधलेख. 'जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन', वर्ष २००९, खंड ७९, पान अमुक. शीर्षक अगदी आपल्याला हवं तसं : शाळांसाठी ज्वालामुखी प्रयोगाचा सुरक्षित पर्याय. बाईंना तो लेख हवा होता, आणि मिळत नाही म्हणजे पैसे भरावे लागत असतील, असा त्यांचा समज.

हे नियतकालिक अमेरिकन केमिकल सोसायटीच्या रसायन-शिक्षण विभागाचं, १९२४ पासून निघतं, वर्षाला एक खंड. त्यामुळे वर्षातून १९२३ वजा केले की खंड हातात येतो. २००९ चा खंड ८६ असला पाहिजे. ७९ हा २००२ चा. म्हणजे वर्ष तरी चुकलंय, नाहीतर खंड तरी. दोन्ही खंडांत ते पान उघडून पाहिलं (अनुक्रमणिका आणि सारांश फुकट दिसतात), दोन्हीकडे भलतेच लेख. शीर्षक शोधून पाहिलं, कुठेच नाही. लेख नव्हताच. यंत्राने तो रचला होता, आणि इतका हुबेहूब की बाई तीन दिवस त्याच्या मागे होत्या.

यंत्राला शिव्या घालायचं कारण नाही. त्याच उत्तरातलं रसायनशास्त्र बहुतेक बरोबर होतं, अभिक्रियेचं समीकरणसुद्धा. पण संदर्भ म्हणजे दुसऱ्याने जाऊन बघायचा पत्ता, आणि या पत्त्यावर घरच नव्हतं.

त्याच नियतकालिकातले खरे लेख होते. जुन्या प्रात्यक्षिकांच्या धोक्यांबद्दल आणि पर्यायांबद्दल तिथे पुष्कळ लिहिलं गेलंय. पण पूर्ण लेख कुलपात. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन-नियतकालिकं वाचायला देणारी सरकारी योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, त्यात हे प्रकाशक आहेत, पण ती योजना सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्थांसाठी. शाळा तिच्या बाहेर. बारावीला शिकवणारी एम.एस्सी. बाई आणि शेजारच्या कॉलेजात एफ.वाय.ला शिकवणारी एम.एस्सी. बाई, यांत फरक काय तो मला कुणी समजावून सांगावा. बाईंची एक वर्गमैत्रीण महाराजा सयाजीराव विद्यापीठात पीएच.डी. करते. ती हंसा मेहता ग्रंथालयात बसून तीन लेख वाचून आली आणि त्यांचा मथितार्थ तिने फोनवर सांगितला. आपल्याकडे संशोधन-साहित्य शाळेपर्यंत पोचतं ते असं, मैत्रिणीच्या पायांनी.

खुलं असलेलंही बरंच मिळालं. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या शिक्षणविषयक संकेतस्थळावर शेकडो प्रयोग कृतीसकट, धोक्यांच्या नोंदींसकट विनामूल्य आहेत. इंग्लंडमधल्या शाळांना प्रयोगशाळेबाबत सल्ला देणारी क्लीप्स नावाची संस्था आहे. तिचं बरंचसं साहित्य सभासदांपुरतं, पण विद्यार्थ्यांसाठीची एकेक पानी सुरक्षा पत्रकं खुली. मला विचाराल तर शाळेच्या शिक्षकाला कारखान्यासाठी लिहिलेल्या सोळा भागी पत्रकापेक्षा ही दोन ठिकाणं जास्त कामाची, कारण तिथे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वर्ग असतो.

जांभळा तो जांभळाच

चौथ्या प्रश्नावर बाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. मुलाला नुसतं 'नाही' म्हणायचं नाही. आणि ज्वालामुखीत जे शिकण्यासारखं आहे तेही सोडायचं नाही. ते कमी नाही : एकाच पदार्थात ऑक्सिडीकरण होणारा नायट्रोजन आणि क्षपण होणारं क्रोमियम शेजारी शेजारी बसलेले, एकाने सहा इलेक्ट्रॉन द्यायचे, दुसऱ्याने तेवढेच घ्यायचे, बाहेरच्या ऑक्सिजनची गरजच नाही. रंग बदलतो तो त्यामुळे. तेव्हा पर्याय असा हवा की ज्यात संयुजा बदलताना रंगाने दिसेल.

तो पोटॅशियम परमँगनेटमध्ये सापडला. फिकट जांभळ्या द्रावणात साखर आणि थोडा कॉस्टिक सोडा गेला की रंग जांभळ्यावरून हिरव्यावर आणि मग पिवळट तपकिरीवर येतो; मँगेनीज साताचं सहा आणि पुढे चार होतं. याला रासायनिक सरडा म्हणतात. परीक्षानळीत चिमूटभर मालात होतो, आणि कॉस्टिक सोड्याचे थेंब बाईंनीच टाकायचे, चष्मा लावून.

मंगळवारी शाळेत रंगीत तालीम झाली. कृती बाईंनी एका हिंदी पुस्तिकेतून घेतली होती आणि तिचा फोटो लॅबच्या भाईंना पाठवला होता. भाई गुजराती, वीस वर्षं लॅब सांभाळणारे, कामाला चोख. टेबलावर सगळं मांडून तयार. परमँगनेटमध्ये साखरेचं पाणी घातलं, तिसऱ्या बाटलीतलं द्रावण घातलं. काही नाही. पाच मिनिटं झाली. जांभळा तो जांभळाच. मुलगा घड्याळाकडे बघतोय, बाई कृती पुन्हा वाचतायत.

तिसऱ्या बाटलीत मीठ होतं.

हिंदी पुस्तिकेत लिहिलं होतं 'क्षार का घोल'. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, कॉस्टिक सोड्यासारखा. मीठवर्गाला हिंदी पुस्तकं लवण म्हणतात. पण गुजराती पुस्तकात धड्याचं नावच 'ॲसिड, बेइझ अने क्षार', तिथे क्षार म्हणजे लवण. मराठीतही आम्ल, आम्लारी आणि क्षार. भाईंनी आपल्या भाषेप्रमाणे बरोबर वाचलं आणि मिठाचं पाणी ठेवलं. बाई मराठी, त्यांनीही वाचताना तोच अर्थ धरला असता, पण डोक्यात इंग्रजी कृती असल्याने त्यांचं लक्षच गेलं नाही.

बडोद्यातल्या मराठी घरांत हा घोळ नवा नाही. आपण अणू म्हणतो तो शाळेत परमाणु होतो, आणि आपला रेणू तिथे अणु. शाळेत गुजरातीतून शिकलेलं पोर घरी येऊन सांगतं की पाण्याच्या एका अणूत दोन हायड्रोजन आहेत, आणि आजोबा कपाळाला हात लावतात, दोघंही बरोबर. म्हणून परिभाषेसाठी एका भाषेचा कोश पुरत नाही. वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाच्या शब्दावल्या इंटरनेटवर खुल्या आहेत, मराठी विश्वकोशही आहे. इंग्रजी शब्द मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना ताडून बघायचं. बाईंनी त्या दिवशी लॅबच्या दारावर एक कागद लावला : उभे तीन रकाने, गुजराती, मराठी, हिंदी, आणि पहिलीच ओळ क्षार.

यावरून आठवलं म्हणून सांगतो. त्या आठवड्यात मी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतही जाऊन आलो. लोखंडी मांडण्या, वरच्या मजल्यांची काचेची जमीन, प्रकाश आरपार जावा म्हणून केलेली. जुन्या मराठी रसायनशास्त्राच्या पुस्तकांत प्रकरणाला उपयोगी काही मिळालं नाही. नत्र, स्फुरद, पालाश ही नावं भेटली, खताच्या पोत्यामुळे अजून जिवंत असलेली. अशी पुस्तकं भाषेसाठी वाचावीत, हाताळणीसाठी मुळीच नाही. हातमोजा हा शब्द मला त्या दुपारी एकदाही दिसला नाही.

मुख्याध्यापक

बुधवारी बाई एक पान घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. पानावर तीनच मुद्दे, प्रत्येकाखाली तो कुठे पाहायचा ते. सरांनी वाचलं, चष्मा काढला. "आम्ही दर वर्षी करायचो. कुणाला काही झालं नाही."

बाईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "सर, गोरव्याला जे पडून होतं ना, ते हेच क्रोमियम."

सर राहतात गोरव्यात. तिथल्या एका कारखान्याचा क्रोमियमचा कचरा वर्षानुवर्षं उघड्यावर साठला होता, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेख समितीपर्यंत गेलं होतं. त्या भागातल्या माणसाला यावर व्याख्यान लागत नाही. सरांनी पान ठेवून घेतलं. १९९० सालचा निर्णय आणि युरोपची तारीख, ज्यासाठी आम्ही एवढं खोदलं, त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

शनिवार आणि नंतर

प्रदर्शन बरं झालं. सरडा रंग बदलत होता, पण खरं सांगायचं तर गर्दी शेजारच्या ड्रोनवाल्याकडे. ज्वालामुखीची हौस मुलाने निराळ्या तऱ्हेने भागवली. त्याने व्हिडिओ लावला, आवाज बंद करून, आणि बाजूला तक्ता : १० ग्रॅम नारंगी पदार्थातून फक्त ६ ग्रॅम हिरवी पूड उरते, मग ढीग एवढा मोठा कसा दिसतो? २५२ चे १५२ कसे होतात ते त्याने नववीत असून मांडलं होतं. उरलेले ४ ग्रॅम नायट्रोजन आणि वाफ होऊन निघून जातात, जाताना पूड फुगवून. दोन पालक थांबून वाचत होते. परीक्षकांनी पाहिलं की नाही, माहीत नाही. बक्षीस मिळालं नाही.

बाटलीचं काम तीन आठवडे चाललं. मोरीत ओतायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही, एवढं पहिल्या दिवशी ठरलं होतं. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, पण ते वाचताना डोळ्यांसमोर कारखाना येतो, कपाटात अर्धा किलो घेऊन बसलेली शाळा येत नाही. चार-पाच फोन झाले, दोन अर्ज झाले. शेवटी शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने, जिथे असा कचरा नियमित गोळा होतो, ती लेखी पत्रावर ठेवून घेतली. तोपर्यंत बाटली कुलपात, बाहेरून दुसऱ्या डब्यात, डब्यावर पूर्ण नाव आणि क्रमांक. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये बाईंनी लाल शाईने नवा रकाना आखला : कॅस क्रमांक. भाईंनी दर शनिवारी दहा बाटल्या, असं करत कपाटाची यादी भरायला घेतली आहे. पाच लेबलं अजिबात वाचता आली नाहीत. त्या बाटल्यांना हात न लावता वेगळ्या फळीवर ठेवल्या आहेत, पुढचे फोन सुरू आहेत.

डिसेंबरात एका रात्री बाईंचा मेसेज आला. मुलाने विचारलं होतं की ती हिरवी पूडसुद्धा विषारी का? बाईंनी या वेळी मला विचारलं नाही. त्याच्याकडूनच शोधून घेतलं. क्रोमिक ऑक्साइड, क्रमांक १३०८-३८-९. त्याने वहीत मांडलेल्या बेरजेचा फोटो सोबत : ८, ६, २४, ०, १५, ६. एकोणसाठ. पावती नऊ, जुळली. आणि खाली, तीन संयुजेचं क्रोमियम कर्करोगाच्या त्याच यादीत तिसऱ्या गटात आहे, म्हणजे तसं वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही, हेही.

मी अंगठा पाठवणार तेवढ्यात दुसरा फोटो आला. त्याने आमच्या पहिल्या बेरजेची वाट लावली होती. लेबलावर पहिला ७ पुसला होता म्हणून जमलं, पण दुसरा पुसला असता तर? तिथे १ धरून त्याने बेरीज केली होती : ९, ०, २७, ३२, मग ३५ च्या जागी ५, आणि ४२. एकशे पंधरा. पावती पाचच. चुकीचा क्रमांक, आणि बेरीज म्हणते बरोबर. पाचने गुणायच्या जागी अंक दोनने, चारने, सहाने चुकला तर कळणारच नाही, असं खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, आणि त्याखाली मला उद्देशून : 'काका, मग काय करायचं?'

मी लिहिलं, क्रमांक टाकून जे नाव येईल ते बाटलीवर उरलेल्या अक्षरांशी ताडून बघ. मग आठवलं की पाच बाटल्यांवर अक्षरंच नाहीत. तो मेसेज पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत गेलो.